सही एकटी सोडायची नाही

काका मला कधी 'ये' म्हणाले नाहीत आणि कधी 'जा'ही म्हणाले नाहीत. माझं पाऊल उंबऱ्यात पडलं की आतून आवाज यायचा, "नवा परिच्छेद." म्हणजे आत या. शिकवून कंटाळा आला की धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत म्हणायचे, "पूर्णविराम." म्हणजे आता उठा. मधे काकूंनी चहाचं विचारलं तर, "चहा ठेव, स्वल्पविराम, साखर कमी, स्वल्पविराम, हिला जास्ती." पस्तीस वर्षं कोर्टात साहेबांच्या तोंडचं लिहून घेतल्यामुळं माणसाची जीभ अशी झाली, असं काकूंचं म्हणणं. जीभ पहिल्यापासून अशीच होती आणि तिच्यावरच नोकरी लागली, असं काकांचं म्हणणं. हा वाद माझी त्या घराशी ओळख होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता आणि तो मिटवायची घाई दोन्ही पक्षांना नव्हती.

काका कोर्टात लघुलेखक होते. न्यायाधीशसाहेबांनी निकाल तोंडी सांगायचा, यांनी तो रेघोट्यांच्या लिपीत उतरवायचा आणि मग टाईप करून सहीला ठेवायचा, ही त्यांची नोकरी. कोर्ट कोणतं ते मी सांगणार नाही. बीड जिल्ह्यातलं, एवढं पुरे. पुढं जे येणार आहे ते वाचलं की मी का सांगत नाही ते कळेल. काकांची पेन्शन चालू आहे आणि ती चालूच राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. रिटायर झाल्यावर ते अंबाजोगाईत दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, कारण दवाखाना जवळ होता आणि काकूंची बहीण लांब होती. ही दोन्ही कारणं त्यांनी मला काकूंच्या समोर सांगितली.

ते वकील नव्हते. कायद्याची पदवी त्यांच्याकडं नव्हती. गल्लीत कुणी 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारली तर थांबून दुरुस्ती करायचे, "मी कायदा शिकलेलो न्हाई. टाईप केलेलाय." आणि हे अशा तोऱ्यात सांगायचे की ऐकणाऱ्याला शिकणं हीच कमीपणाची गोष्ट वाटावी.

अशा माणसाकडं मी एलएल.एम.च्या प्रवेश परीक्षेची तयारी केली.

मी सिरसाळ्याची. एलएल.बी. झाल्यावर मला पुढं शिकून कॉलेजात कायदा शिकवायचा होता. कारण साधं होतं. घरात, अंगणात, बसमध्ये मी कुणालाही कायदा समजावून सांगू शकते, थांबवलं नाही तर थांबतही नाही; पण कोर्टात माझा आवाज निघत नाही. केजला मामांच्या हाताखाली सहा महिने काळा कोट घालून उभी राहिले. तेवढ्या काळात साहेबांसमोर माझ्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडलं, "पुढची तारीख द्यावी." तेसुद्धा समोरच्या वकिलाचं ऐकून घाबरून म्हटलं. आमच्या पक्षकाराला तारीख नको होती. मामांनी त्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी घेतली नाही.

परीक्षा मी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा आपटले. माझ्या वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचं अर्धं आयुष्य बांधाच्या दाव्यापायी कोर्टाच्या पायरीवर गेलंय, त्यामुळं ते घरातही कोर्टाच्याच भाषेत विचार करतात. कोर्टात शिपाई दाराशी येऊन पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करतो. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस हजर झाला नाही तर त्याच्या माघारी निकाल लागतो, एकतर्फी. दुसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी अण्णा ओसरीवर बसून शांतपणे म्हणाले, "दोन पुकारे झाले बाई. तिसऱ्याला हजर व्हायचं. न्हाई झालीस तर एकतर्फी. मंग मामाचं हापीस, अन् तू अन् तुजा काळा कोट." अण्णा कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून मी अंबाजोगाईला खोली घेतली. नर्सिंगच्या तीन पोरी आणि मी. एका दुपारी झेरॉक्सच्या दुकानात मी सर्वोच्च न्यायालयाचा एक गाजलेला निकाल छापून घेत होते, चौऱ्याऐंशी पानांचा. माझ्यामागं पांढऱ्या शर्टातला, खिशाला तीन पेनं लावलेला एक म्हातारा माणूस उभा होता. त्यानं मशीनमधून पडलेलं शेवटचं पान न विचारता उचललं आणि वाचायला लागला. खालून वर.

"कावून एवढी पानं काढायलीस?"

"वाचायला. परीक्षेला आहे."

"यात साहेब चार पानं बोललाय. बाकीच्या ऐंशी पानांत तो दुसऱ्यांचं ऐकायलाय. तुला कुणाचं पायजे?"

मला राग आला, कारण मी दोन वर्षं पानंच्या पानं पिवळ्या रंगानं रंगवली होती आणि ती कुणाची, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ते पान हातात तसंच धरून काका घराकडं निघाले. माझं शेवटचं पान त्यांच्याकडं, म्हणून मी मागं गेले. दारात त्यांनी मागं न बघता म्हटलं, "नवा परिच्छेद." पुढचे आठ महिने मी त्या घरात जात होते. फीचं विचारलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे आणि काकू म्हणायच्या, "येताना कोथिंबीर आणत जा, यांना चांगली कळत न्हाई."

परीक्षेचं मर्म काकांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं. दोन तास, एकशेवीस प्रश्न, चुकलं तर पाव मार्क जातो. आधी निकालांमधले इंग्रजी उतारे देतात, मग त्या उताऱ्यांवर प्रश्न. मी मात्र खटल्यांची नावं, वर्षं आणि कलमं पाठ करून जायची आणि उतारा वाचायच्या आत आठवायला लागायची. म्हणजे ताट समोर वाढलेलं, आणि मी आपली स्वयंपाकघरात डबे हुडकतेय. "तुला काय ठावं हाय ते कुणी विचारलंच न्हाई," काका म्हणाले. "कागद काय बोलायलाय ते सांग. अन् कागदात आदी बघायचं, कोण बोलायलंय."

'कोण बोलायलंय' हे शिकवायची त्यांची पद्धत अशी. पुढच्या खोलीत बसायच्या चार जागा होत्या. लोखंडी कॉट म्हणजे वादी, ज्यानं दावा लावला तो. खालचा पाट म्हणजे प्रतिवादी. उंबरा म्हणजे खालचं कोर्ट. आणि वेताची खुर्ची म्हणजे निकाल देणारे साहेब. मी उतारा मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचं बोलणं सुरू होईल त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. 'वादीतर्फे असं मांडण्यात आलं' की कॉट. 'प्रतिवादीला हे मान्य नाही' की पाट. 'खालच्या न्यायालयाच्या मते' की उंबरा. एकेका पानात मी पंधरा वेळा उठबस करायची. समोरच्या बाईंनी दोन-तीन दिवस हे खिडकीतून बघितलं आणि शेवटी काकूंना गाठून विचारलं, "त्या पोरीच्या अंगात येतंय का काय?"

अडचण वेताच्या खुर्चीची होती. तिच्यात काकू बसलेल्या असायच्या, मांडीवर सूप घेऊन.

"ऊठ, साहेबाचं वाक्य आलंय," काका म्हणायचे.

"साहेब तूर निवडायलाय. वाक्याला म्हणावं थांब."

मग मी साहेबांचं वाक्य घेऊन खुर्चीच्या शेजारी उभी. काकू चौथी शिकलेल्या. पण खुर्ची सोडायची नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्चीचं कामही अंगावर घेतलं. काका त्यांना उताऱ्यातलं भांडण आमच्या भाषेत सांगायचे आणि काकू सुपातून मान वर न काढता फैसला द्यायच्या. "थोरल्यानं खाल्लंय. धाकट्याला वाटा द्या. लिही." हे 'लिही' काकांना उद्देशून असायचं. कंपनी कायद्यावरच्या एका उताऱ्यात मी आणि काका दोघंही चुकलो आणि काकूंचा निकाल बरोबर आला, तेव्हा काकांनी दिवसभर कोथिंबिरीला नावं ठेवली.

आज मी शिकवते त्या वर्गातही तीन बाक आणि एक खुर्ची मांडलेली असते. प्राचार्यांना वाटतं मी नाटक बसवतेय.

दुसरी शिकवण पाव मार्काची. दावा लागला की प्रतिवादीला लेखी उत्तर द्यावं लागतं, त्याला कैफियत म्हणतात. दाव्यातल्या एकेका कलमासमोर त्यानं लिहायचं: कबूल, नाकबूल, किंवा 'माहीत नाही म्हणून नाकबूल'. काका म्हणाले, उत्तराचे चार पर्याय म्हणजे चार कलमं समज आणि कैफियत दे. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या प्रश्नांचे सगळे पर्याय नाकबूल केले. मामांच्या ऑफिसची सवय, दुसरं काय. काका पेपर बघून म्हणाले, "एकाला तरी कबूल हो की. फाशी न्हाई देणार कुणी."

पण माझं खरं दुखणं तिसऱ्या उत्तरात होतं, 'माहीत नाही'त. मला प्रश्न सोडून देता यायचा नाही. यात माझा दोष थोडा आणि जिल्ह्याचा जास्त. आमच्याकडं रस्ता विचारून बघा, 'माहीत नाही' असं कुणी म्हणणार नाही. माणूस हात करेल, कुठं तरी करेल, आणि वर जीपचा टाईमही सांगेल. मागच्या दोन्ही परीक्षांत मी असे हात केले होते आणि पावपाव करत बुडाले होते. काकांनी औषध दिलं: रोज तीन जणांना तीन प्रश्नांवर 'माहीत न्हाई' म्हणायचं. अण्णांचा फोन आला, "पाऊस हाय का तिकडं?" मी म्हटलं, "माहीत नाही." मग अण्णा म्हणाले, "खिडकीतून बघ की बाई. तब्येत बरी हाय ना तुजी?"

काकांच्या खोडी सांगायच्या तर अशा पुष्कळ आहेत. लग्नपत्रिका ते खालून वाचायचे, "बोलवायलंय कोण ते आदी बघावं." चादरीची घडी घालताना डाव्या बाजूला समास सोडायचे. दोन वाजता कोर्टाची जेवणाची सुट्टी, म्हणून दोनच्या आधी त्यांना घास जायचा नाही आणि दोननंतर दम निघायचा नाही. पण सगळ्यात मोठी खोड सहीची.

"सही एकटी सोडायची न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. निकाल संपत आला आणि शेवटच्या पानावर नुसती सहीच जाणार असेल, तर टाईप करणाऱ्यानं मजकुराच्या निदान दोन ओळी तिच्या सोबतीला न्यायच्या. कोऱ्या पानावर एकटी सही असली तर तिच्या आधी कुणीही कसलंही पान लावू शकतो. नियम शहाणपणाचा होता, पण काकांनी तो घरी आणला होता. किराण्याच्या यादीखाली ते सही करायचे आणि यादी पानाच्या तळाशी संपली तर सही पुढच्या पानावर. मग तिच्या सोबतीला दोन जिन्नस. त्या घरात कुणी खात नसताना वर्षभर खसखस येत होती ती यामुळं.

खसखशीवरून काकू बोलत होत्या त्या दुपारीच काकांनी मला ती गोष्ट सांगितली.

"मी वाक्य घातलंय," ते म्हणाले. "फैसल्यात. माजं सोताचं."

बालाघाटाच्या अंगाचा एक मेंढपाळ होता. मेंढ्या न्यायच्या वाटेवरून त्याच्यावर कुणी तरी दावा लावला. तारखेला म्हातारा हजर होता, पण एकटा नव्हता. मेंढ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या, म्हणून कळप बरोबर. कळप शिरला कोर्टाच्या बागेत. म्हातारा मेंढ्या हाकलायला धावला आणि तेवढ्यात आत त्याच्या नावाचे तीन पुकारे होऊन गेले. निकाल एकतर्फी, वाट बंद. त्यावरचं अपील काकांच्या साहेबांसमोर आलं. साहेब मराठीत निकाल द्यायचे. त्यांनी सांगितलं की म्हाताऱ्याचं म्हणणं ऐका आणि दावा नव्यानं चालवा.

"फैसला टाईप झाला," काका म्हणाले. "बघतो तर शेवटच्या पानावर नुसती सही यायली. दोन ओळी कमी. साहेब जेवायला गेलते. मंग काय, घातलं एक वाक्य."

वाक्य त्यांनी डोळे मिटून म्हटलं, एकेका शब्दाला टाईपरायटरचा खटका देत. 'ज्याचे म्हणणे ऐकलेच गेले नाही, त्याच्यापुरते त्या दिवशी न्यायालय उघडलेच नव्हते.'

"आणि साहेबांनी सही केली?"

"वाचलं. चष्मा काढला. माज्याकडं बघितलं. चष्मा घातला. केली सही." मग मान ताठ करून, "फैसला वर गेला. वरच्या कोर्टानं माजं वाक्य इंग्रजीत करून जसंच्या तसं घेतलं. पूर्णविराम."

मी हसून उठले. काकांच्या अशा कथा पुष्कळ होत्या. आपल्या एका स्वल्पविरामामुळं एक माणूस कोठडीतून सुटला, असंही ते सांगायचे, आणि तो माणूस दर वेळी वेगळ्या गावचा असायचा.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होतं. अण्णा बरोबर आले. फाटकाशी म्हणाले, "हजर हो," आणि चिंचेखाली जाऊन बसले. मी पेपर उघडला आणि पहिल्या उताऱ्यालाच माझं बूड बाकावर जागा बदलायला लागलं. डावं टोक वादी, मधे प्रतिवादी, उजवं टोक खालचं कोर्ट, आणि साहेब आले की पाठ ताठ. देखरेखीवरच्या मॅडम दोनदा बघून गेल्या. तिसऱ्यांदा वाकून हळूच म्हणाल्या, "बाथरूमला जायचंय का?" मी म्हटलं, "माहीत नाही." सवयीनं निघून गेलं.

पण पेपर चालला होता. पहिल्यांदा कळत होतं की कोण बोलतंय. माहीत नसलेला प्रश्न सोडून देता येत होता. आणि मग एका उताऱ्यात मेंढ्या आल्या.

इंग्रजी मेंढ्या. कोर्टाची बाग, तीन पुकारे, एकतर्फी निकाल. खाली उच्च न्यायालय म्हणत होतं की अपिलाच्या विद्वान न्यायाधीशांनी लिहिलेलं एक वाक्य आम्हाला इथं उद्धृत करावंसं वाटतं. आणि पुढं अवतरणचिन्हांत ते वाक्य होतं. काकांचं.

मला मोठ्यानं हसू आलं. मॅडम या वेळी बाथरूमचं बोलल्या नाहीत, नुसतं बोट ओठांवर ठेवलं. उताऱ्याखाली प्रश्न होता: न्यायाधीशांनी हे वाक्य कोणत्या कारणासाठी लिहिलं? अ, न्यायदानातला उशीर दाखवण्यासाठी. ब, पक्षकाराच्या गरिबीबद्दल सहानुभूती म्हणून. क, म्हणणं ऐकून घेणं ही मेहेरबानी नाही, न्यायाचा पायाच आहे हे सांगण्यासाठी. ड, कोर्टाच्या आवारातल्या गैरव्यवस्थेवर ताशेरा म्हणून.

त्या सभागृहातल्या शेकडो पोरापोरींत खरं उत्तर मला एकटीला माहीत होतं. दोन ओळी कमी पडत होत्या म्हणून. चारही पर्याय नाकबूल. मी पेन्सिल ठेवून दिली. प्रश्न सोडायचा, म्हणजे निदान खोटं तरी लिहायला नको. आणि मग मला चिंचेखाली बसलेले अण्णा आठवले, मामांचं ऑफिस आठवलं, आणि या पेपरात एकेक मार्क कसा तोलावा लागणार ते आठवलं. घड्याळात चार मिनिटं गेली होती. एका प्रश्नाला चार मिनिटं देणं म्हणजे पुढच्या तीन प्रश्नांचं तोंडचं काढून घेणं.

'तुला काय ठावं हाय ते कुणी विचारलंच न्हाई.' काका डोक्यात बोलले. 'कोण बोलायलंय ते बघ.'

बोलत होते साहेब. वेताच्या खुर्चीतून. त्या कागदावर काका नव्हते, टाईपरायटर नव्हता, जेवणाची सुट्टी नव्हती. मी पाठ ताठ केली आणि 'क'चा गोळा काळा केला. करताना काकांशी बेइमानी केल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

शेवटच्या यादीत, अगदी तळाशी माझं नाव आलं. तो एक प्रश्न सोडला असता तर आलं नसतं. मी उत्तरतालिका घेऊन तीनदा हिशेब केला. अण्णा सिरसाळ्याच्या बाजारात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोरगी हजर झाली." कशाला हजर झाली, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यांनी पेढे घेतले.

प्रश्नपत्रिका घेऊन मी काकांकडं गेले. त्यांनी उतारा खालून वर वाचला. मग वरून खाली वाचला, जे मी त्यांना कधी करताना बघितलं नव्हतं. काकूंना हाक मारून सूप खाली ठेवायला लावलं आणि वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. मग प्रश्न वाचला, खिशातलं पेन काढलं आणि अ, ब, क, ड चारहीपुढं ठसठशीत लिहिलं, 'नाकबूल'. त्याखाली पाचवा पर्याय स्वतःच्या हातानं घातला: 'दोन ओळी कमी पडत होत्या म्हणून.'

"वाक्य माजं," ते म्हणाले. "अन् कारण परीक्षावाल्याला ठावं? तू काय लिहिलंस?"

"क."

मला वाटलं आता चिडतील. त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं, सावकाश. "बरं केलंस," म्हणाले, आणि लगेच, "पूर्णविराम." एवढ्या आनंदाच्या दिवशी मला त्यांनी पेढ्याचा पुडा ठेवून घेऊन घालवून दिलं. का ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं दीड वर्षानं. एलएल.एम.च्या प्रबंधाला मी एकतर्फी निकालांचाच विषय घेतला होता. उच्च न्यायालयाच्या निकालात मूळ अपिलाचा नंबर होता, त्यावरून मी कोर्टाच्या जुन्या दफ्तरात नकलेचा अर्ज टाकला. मूळ टाईप केलेल्या निकालाची झेरॉक्स हाती आली. डाव्या कोपऱ्यात खाली, टाईप करणाऱ्याची खूण म्हणून, काकांच्या नावाची दोन अक्षरं. मी काकांच्या पद्धतीनं शेवटचं पान उचललं आणि खालून वाचायला लागले. सही. तिच्या वर ते वाक्य, बरोबर दोन ओळींत. आणि त्याच्या वर, त्याच पानावर, मजकुराच्या अकरा ओळी. पूर्ण, सलग, साहेबांच्या.

दफ्तराबाहेरच्या बाकावर बसून मी त्या ओळी पुन्हा मोजल्या. मग हसले, आणि मग माझे डोळे भरून आले. पस्तीस वर्षं त्या माणसानं दुसऱ्याचं बोलणं उतरवलं. टाईप करणाऱ्याला मत नसतं, असलं तर ते घरी ठेवून यायचं असतं. एका म्हाताऱ्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही याचा त्यांना इतका राग आला की आयुष्यात एकदा ते स्वतः बोलले, आणि मग जन्मभर लाजून ओळींचं निमित्त सांगत राहिले.

दिवाळीत कोथिंबिरीची जुडी आणि ती नक्कल घेऊन गेले. "नवा परिच्छेद," आतून आलं. काका कॉटवर, म्हणजे वादीच्या जागेवर, टेकून बसले होते. काकू वेताच्या खुर्चीत. मी पाटावर बसले आणि शेवटचं पान काकांच्या हातात दिलं.

त्यांनी ते खालून वर वाचलं. बोट एकेका ओळीवर ठेवत गेले. अकराव्या ओळीवर बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

"काका," मी म्हटलं, "सही एकटी नव्हती."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं. चष्मा घातला.

"माहीत न्हाई," ते म्हणाले, "म्हणून नाकबूल."

काकूंनी सुपातून मान वर काढली नाही. "चार दिवस घास गिळला न्हाई धड यांनी, त्या मेंढ्यावाल्यापायी," त्या म्हणाल्या. "कबूल हाय यांना. लिही."

या वेळी 'लिही' मला होतं.